गीझरमधला दगड

मोशीतल्या आमच्या सोसायटीत गीझरवाला आला की कॉइल बाहेर काढून आधी फरशीवर आपटतो. पांढरे पापुद्रे खळकन निखळतात. "बोअरचं पाणी ना?" एवढंच विचारतो, उत्तराची वाटही पाहत नाही.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याचं नाव दुष्फेन. नाव अगदी चपखल, कारण यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला आधी गाठतं. त्यांचा चिकट साका होऊन बादलीच्या कडेला बसतो आणि फेसासाठी साबण उरतच नाही. तूरडाळही याच पाण्यात अडून बसते. दाण्यातल्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतं, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या करा.

नळाला येणारं पवना नदीचं पाणी असं नाही. मावळातला पाऊस धरणात साठतो, रावेतच्या बंधाऱ्यातून उचलला जातो, निगडीला शुद्ध होतो. खडकाशी त्याचा फारसा संबंधच येत नाही. पण २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड. मोशी, चिखली, वाकडच्या सोसायट्या मग बोअर आणि टँकरवर तहान भागवतात. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांत मुरलेलं असतं. मातीतून झिरपताना पाऊस कार्बन डायऑक्साइड उचलतो, सौम्य आम्ल बनतो आणि काळ्या दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून बायकार्बोनेटच्या रूपात घेऊन येतो. गीझरमध्ये पाणी तापलं की वायू निसटतो आणि विरघळलेलं कॅल्शियम पुन्हा दगड होऊन कॉइलला धरतं. त्यावर लिंबूसत्त्व टाकलं की फसफसतं; तोच वायू परत निघालेला.

पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा (हार्डनेस) भारतीय मानकाला चालतो. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. तो मोजायला पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचे विक्रेते टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून दाखवतात, ही शुद्ध धूळफेक. ते यंत्र विद्युतवाहकता पाहतं. त्याला कॅल्शियम काय नि मीठ काय, सारखंच. सॉफ्टनर तर एका कॅल्शियमच्या बदल्यात दोन सोडियम पाण्यात सोडतो, म्हणजे टीडीएस उतरत नाहीच, किंचित चढतो.

चाकणच्या कारखान्यांत ही फसवणूक चालत नाही, कारण तिथे बॉयलर आहे. नळ्यांवर थर चढला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, इंधन जळत राहतं आणि शेवटी नळी फुटते. म्हणून पाण्याचा नमुना घेऊन त्यात निर्देशकाचे थेंब टाकतात. रंग वाइनसारखा लाल झाला की हार्डनेस आहे; ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडत तो निळा होईपर्यंत मोजायचं. लगेच निळा दिसला तर सॉफ्टनर ठीक. नाहीतर पहिला प्रश्न, "मीठ टाकलं का?"

गंमत अशी, की सॉफ्टनरची ही अदलाबदलीची युक्ती याच काळ्या दगडात दडलेली आहे. वाघोलीच्या खाणींत निळा कॅव्हनसाइट ज्या पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला सापडतो, तो स्टिल्बाइट म्हणजे झिओलाइट, अशीच अदलाबदल करणारं खनिज. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक काचेआड मांडलेत. सुरुवातीच्या सॉफ्टनरांत झिओलाइटच भरत. आता त्या जागी रेझिनचे मणी आले.

मणी कॅल्शियमने भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. आमच्याकडे दर रविवारी सकाळी वॉचमन पोतं फोडून मीठ ओततो. मण्यांनी धरलेलं सगळं कॅल्शियम खारट पाण्याबरोबर गटारात जातं. मैलाशुद्धीकरण केंद्रात मीठ निघत नाही. पुढे इंद्रायणी.