मंदीतही वाढलेले विद्यापीठ : लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी

लुइझियाना राज्याचे हे विद्यापीठ १९२० च्या दशकाच्या मध्यावर बॅटन रूज शहरातली जुनी, अपुरी जागा सोडून दक्षिणेकडच्या मोकळ्या माळावर आले, तेव्हा राज्याबाहेर त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. पुढच्या दशकात महामंदी आली. अमेरिकेतली अनेक सरकारी विद्यापीठे प्राध्यापकांचे पगार कापू लागली. हे मात्र वाढत गेले. १९२८ मध्ये गव्हर्नर झालेला आणि १९३२ पासून सेनेटर असूनही राज्याची सूत्रे हातात ठेवणारा ह्यूई लाँग त्यामागे उभा होता.

विद्यापीठाची शहरातली जुनी जमीन राज्याने विकत घेतली. तिच्यावर ३४ मजली कॅपिटॉल, म्हणजे राज्याचे विधानभवन, उभे राहिले आणि मिळालेल्या पैशातून विद्यापीठाच्या नव्या इमारती झाल्या. १९३१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच सुमारास फुटबॉलच्या स्टेडियमचा विस्तार झाला, तोही वसतिगृहासाठी ठेवलेल्या रकमेतून. पायऱ्यांच्या खाली ओळीने खोल्या काढल्या आणि त्यांत विद्यार्थी राहू लागले. वर सामना, खाली अभ्यास, अशी ही व्यवस्था पुढे कित्येक वर्षे चालली. गोऱ्या शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुलांना इथे परवडेल असे शिक्षण मिळाले, ही मोठीच गोष्ट होती. कृष्णवर्णीय मुलांना मात्र दार बंद होते. ते १९५० मध्ये, न्यायालयाच्या आदेशानंतर, किलकिले झाले.

या औदार्याची किंमतही होती. १९३४ मध्ये ‘रेव्हिली’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात लाँगवर टीका करणारे पत्र छापले जाणार होते. ते रोखले गेले, आणि या मुस्कटदाबीला विरोध करणाऱ्या सात विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. वृत्तपत्रविद्येचे शिक्षण त्यांनी मिझुरी विद्यापीठात पूर्ण केले.

तरीही १९३५ मध्ये इथेच विद्यापीठाची प्रकाशनसंस्था आणि ‘सदर्न रिव्ह्यू’ हे त्रैमासिक निघाले. क्लीन्थ ब्रूक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या संपादनाखाली त्याने अल्पावधीत देशभर नाव कमावले. विद्यापीठाची खरी उंची वाढली ती इमारतींपेक्षा या त्रैमासिकामुळे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लाँगची हत्या झाली, पण त्याची यंत्रणा टिकली. १९३० पासून विद्यापीठाचे अध्यक्ष असलेल्या जेम्स मन्रो स्मिथ यांनी विद्यापीठाच्या नावे परस्पर बाँड काढले, ते तारण ठेवून कर्ज उचलले आणि गव्हाच्या सट्ट्यात घातले. १९३९ मध्ये हे उघड होताच ते कॅनडात पळाले. तिथून त्यांना परत आणून तुरुंगात धाडले. युद्धकाळात खर्चाला कात्री लागली आणि १९४२ मध्ये ‘सदर्न रिव्ह्यू’ बंद पडले. ते पुन्हा सुरू व्हायला १९६५ साल उजाडले.