काचेआडचे ऊन पुरत नाही

विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव. या संथ, निरुपद्रवी जीवाविषयी जैन घरांत ममत्व असणे स्वाभाविक आहे. भारतात मात्र ते ममत्व दुरूनच जपावे लागते. पाठीवर चांदण्या असलेले स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून ते घरात बाळगणे गुन्हा आहे.

ब्रिटनमध्ये स्थिती निराळी आहे. भूमध्य सागराच्या परिसरातील हरमन जातीच्या कासवांची पाळीव जोड्यांपासून झालेली पिल्ले तेथे प्रमाणपत्रासह विकत मिळतात. तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबातील मुलाने असे पिल्लू मागितले, तर त्याच्या रूपापेक्षा दिव्यांचा विचार आधी करावा लागतो.

कासवाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करून ऊब टिकवू शकत नाही. बाहेरून ऊब मिळाली नाही, तर खाल्लेले अन्नही नीट पचत नाही. दुसरी गरज अतिनील ‘यूव्हीबी’ किरणांची. त्यांच्यामुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि आहारातील कॅल्शियम अंगी लागते. हे किरण न मिळाल्यास वाढत्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात, कवच मऊ पडते व वेडेवाकडे वाढते. ही हानी सावकाश होते. ती दिसू लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

खिडकीतल्या उन्हावर विसंबणे ही नेहमीची चूक होय. काचेतून उजेड व ऊब आत येते, यूव्हीबी जवळजवळ येत नाही. साध्या बल्बचेही तेच.

म्हणून पिल्लाच्या पेटीत एका टोकाला वरून हॅलोजनचा दिवा लावावा. त्याच्या खाली तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअस असावे, तर दुसऱ्या टोकाला २० ते २२ अंश. म्हणजे पिल्लू गरजेप्रमाणे जागा बदलते. दोन्ही टोकांना तापमापक हवा आणि दिव्याला थर्मोस्टॅट. हॅलोजनशेजारीच यूव्हीबीची लांब ट्यूब, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, बसवावी. निसर्गात ऊन आणि ऊब एकत्रच मिळतात. दोन्ही दिवे सुमारे १२ तास चालू ठेवावेत व पक्के टांगावेत; दिवा खाली पडल्यास आग लागण्याचा धोका असतो. उष्णतेने पेटी कोरडी पडते, म्हणून पाण्याची उथळ थाळी व किंचित ओलसर माती आवश्यक आहे.

खालून तापणारी गादी टाळावी. तिने पोट भाजू शकते. रात्री लाल दिवाही नको, पिल्लाला अंधार हवा. खोली फारच गार पडत असेल, तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर पुरेसा आहे.

चकाकी पाहून मालाची पारख होत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. ट्यूब उजळ दिसत असली तरी तिचे यूव्हीबी हळूहळू घटत जाते. बसवल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि साधारण वर्षाने, किंवा उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, ती बदलावी. हे कासव ५० वर्षांहून अधिक जगू शकते. एवढ्या काळाची जबाबदारी पेलवणार नसेल, तर पिल्लू न आणणे हीदेखील जीवदयाच आहे.