मुनिरका येथील खोलीत घरचा पिझ्झा : एअर फ्रायर काय करतो, काय करत नाही

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक गाव. आज त्याच्या एका बाजूस जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर, तर इतर बाजूंस वसंत विहार आणि रामकृष्णपुरम या वसाहती आहेत. १९६९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. कालांतराने गावातील घरांवर मजले चढत गेले आणि त्यांतील खोल्या विद्यार्थी, नोकरदार व स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण भाड्याने घेऊ लागले. मे २०१८ मध्ये दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवरील मुनिरका स्थानक सुरू झाल्यानंतर येथे राहणे अधिकच सोयीचे झाले. ईशान्येकडील राज्ये, बिहार, उत्तर प्रदेश, तसेच महाराष्ट्र अशा विविध भागांतील तरुण येथील अरुंद गल्ल्यांत वास्तव्य करतात.

यांपैकी अनेकांचे स्वयंपाकघर म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातील एक ओटा असतो. तेथे ओव्हन ठेवण्यास जागा नसते. अशा ठिकाणी अलीकडे एअर फ्रायर हे उपकरण दिसू लागले असून, सायंकाळच्या खाण्यासाठी त्यात ब्रेड पिझ्झा, कुलचा पिझ्झा किंवा पिझ्झा पॉकेट असे छोटे पदार्थ करता येतात. हे उपकरण 'बिनतेलाचे' आणि म्हणून आरोग्यदायी असल्याचा समज सर्वत्र आहे. पिझ्झाच्या बाबतीत हा समज कितपत खरा आहे, पदार्थ चांगला होण्यासाठी काय करावे आणि जुन्या इमारतीत हे उपकरण वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती येथे देत आहोत.

उपकरणाचे कार्य

एअर फ्रायर या नावात तळणे असले, तरी त्यात काहीही तळले जात नाही. वरच्या बाजूस विजेवर तापणारी तार आणि तिच्या वर एक पंखा, अशी त्याची रचना असते. पंख्यामुळे उष्ण हवा जाळीदार टोपलीभोवती वेगाने फिरते. ही हवा पदार्थाच्या पृष्ठभागावरील ओलावा झपाट्याने काढून घेते आणि पृष्ठभाग कोरडा होताच तो तांबूस व खुसखुशीत होऊ लागतो. प्रथिने आणि शर्करा यांच्यातील ज्या प्रक्रियेमुळे हा रंग व सुवास येतो, तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केले होते. थोडक्यात, हे उपकरण म्हणजे पंखा असलेला लहान ओव्हनच होय. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात ते बाजारात आणले आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी त्याचे उत्पादन सुरू केले.

आकार लहान असल्याने ते दोन-तीन मिनिटांत तापते. मात्र घरगुती उपकरणाचे कमाल तापमान साधारणतः २०० अंश सेल्सिअस असते. इटलीतील नेपल्सच्या परंपरेतील पिझ्झा लाकडाच्या भट्टीत चारशे अंशांहून अधिक तापमानावर अवघ्या दीड मिनिटात भाजला जातो. ही कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. तसा पिझ्झा एअर फ्रायरमध्ये होणे शक्य नाही. पातळ आणि लहान पदार्थ मात्र त्यात उत्तम होतात, कारण कमी तापमानातही ते आतून कोरडे पडण्यापूर्वी वरून भाजले जातात.

तेलाची बचत किती?

लठ्ठपणा कमी करण्यासाठी खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटवावा, असे आवाहन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी २०२५ मध्ये डेहराडून येथे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनप्रसंगी केले होते. फेब्रुवारी २०२५ मधील 'मन की बात' कार्यक्रमातही त्यांनी त्याचा पुनरुच्चार केला. समोसा, ब्रेड पकोडा किंवा बटाट्याच्या फोडी तळण्याऐवजी एअर फ्रायरमध्ये केल्यास या दृष्टीने खरोखर बचत होते.

पिझ्झाचे तसे नाही. पिझ्झा हा मुळातच भाजण्याचा पदार्थ आहे. त्यामुळे तो ओव्हनमध्ये, तव्यावर किंवा एअर फ्रायरमध्ये कोठेही केला, तरी तेलाच्या प्रमाणात विशेष फरक पडत नाही. त्यातील स्निग्धांश येतो तो प्रामुख्याने चीजमधून. बाजारात मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये साधारणतः एक चतुर्थांश भाग स्निग्ध पदार्थ असतो. म्हणजे २५ ग्रॅमच्या एका वडीत सुमारे सहा ग्रॅम, अर्थात एका चहाच्या चमच्याहून थोड्या अधिक तेलाइतका. दोन ब्रेडवर दोन वड्या किसून घातल्यास अडीच चमचे तेल पोटात गेल्यासारखेच आहे. मिठाबाबतही हेच लागू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ब्रेड, चीज आणि तयार सॉस या तिन्हींत मीठ असल्याने वरून मीठ घालण्याची आवश्यकता नसते.

यावरून एअर फ्रायर निरुपयोगी आहे, असा अर्थ काढू नये. त्याचे खरे मोल निराळे आहे. ओव्हन नसलेल्या खोलीत, दहा-पंधरा मिनिटांत, ताज्या भाज्या आणि आपण ठरवू तितकेच चीज वापरून पदार्थ करता येतो. पदार्थात काय आणि किती घालायचे हे आपल्या हाती राहते आणि लाभ होतो तो त्यामुळे.

ब्रेड, कुलचा आणि भाकरी

सर्वांत सोपा प्रकार ब्रेडचा. दोन टोमॅटो, लसणाच्या दोन पाकळ्या आणि थोडे लाल तिखट एकत्र वाटून ते मिश्रण पळीवरून ओघळणार नाही इतके घट्ट होईपर्यंत आटवावे. पातळ मिश्रणामुळे ब्रेड लगदा होतो आणि बहुतेक घरगुती पिझ्झे याच कारणाने फसतात. ब्रेड प्रथम १८० अंशांवर दोन मिनिटे कोरडा भाजावा. भाजलेल्या बाजूवर टोमॅटोचे मिश्रण पातळ पसरून त्यावर बारीक कापलेली ढोबळी मिरची, कांदा किंवा पनीर घालावे.

चीज कोठे घालावे, याला येथे विशेष महत्त्व आहे. पंख्याच्या झोतामुळे हलक्या भाज्या आणि सुकी पाने उडून वरच्या तापलेल्या तारेवर चिकटतात व धूर होतो. म्हणून चीज भाज्यांच्या वर घालून हाताने किंचित दाबावे. ते वितळले की भाज्यांना धरून ठेवते. चीजचा चौकोनी काप वापरल्यास तो उडू शकतो, त्यामुळे किसलेले चीज श्रेयस्कर. तार सुटणारे चीज हवे असल्यास मोझरेला घ्यावे. प्रक्रिया केलेले चीज वितळते, पण त्याला तशी तार येत नाही. चीज घातल्यावर १८० अंशांवर चार ते पाच मिनिटे पुरतात. ओरेगानो बाहेर काढल्यानंतर भुरभुरावे.

दिल्लीत सर्वत्र मिळणारा कुलचा ब्रेडपेक्षा जाड व मऊ असल्याने त्याला एखादे मिनिट अधिक लागते. ज्वारीची भाकरी घ्यावयाची असल्यास ती ताजी, लहान व जाडसर असावी. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने भाकरी लवकर कडक होते, म्हणून तिच्या कडांना तेलाचे बोट लावावे आणि वेळ तीन-चार मिनिटांवर आणावा. भाजणीचे थालीपीठ तव्यावर एका बाजूने भाजून घेतल्यासही चांगला तळ मिळतो.

मळलेल्या पिठाचे पिझ्झा पॉकेट

मैदा आणि कणीक समप्रमाणात मिळून २०० ग्रॅम पीठ, सुमारे १२५ मिलिलिटर कोमट पाणी, एक लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, तितकीच साखर, अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा तेल घेऊन सैलसर कणीक मळावी व झाकून ठेवावी. ती किती वेळात फुगेल हे दिल्लीच्या हवामानावर अवलंबून असते. मे महिन्यात पाऊण-एक तासात ती दुप्पट होते, तर जानेवारीच्या थंडीत तीन तासही लागू शकतात. थंडीत यीस्टचे प्रमाण वाढवत न जाता, गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी भांडे ठेवावे. यीस्ट अधिक झाल्यास पिठाला आंबूस वास येतो.

या पिठाचे सहा गोळे होतात. प्रत्येक गोळा लाटून अर्ध्या भागावर सारण ठेवावे, कडांना पाणी लावून घडी घालावी आणि काट्याने कडा दाबाव्यात. सारणातील कांदा व ढोबळी मिरची आधी परतून पूर्ण गार करावी, अन्यथा वाफेमुळे पॉकेट फुटते. वरून तेलाचा किंवा दुधाचा हलका हात फिरवावा. येथे अर्धा चमचा तेल उपयोगी पडते, कारण त्याशिवाय कच्चे पीठ पांढरट व कोरडे राहते. १७० अंशांवर दहा ते बारा मिनिटे भाजावे आणि निम्म्या वेळी पॉकेट उलटावेत. टोपलीत दाटी करू नये. हवा फिरण्यास जागा न राहिल्यास पदार्थ भाजला न जाता वाफवला जातो.

रंग सोनेरी झाला की थांबावे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांवरील तापमानात कोरड्या उष्णतेने भाजले अथवा तळले असता त्यांत ॲक्रिलामाइड हे द्रव्य तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये निदर्शनास आणले. पदार्थ जितका करपलेला, तितके त्याचे प्रमाण अधिक. एअर फ्रायरही याला अपवाद नाही.

विजेचा भार : सर्वांत महत्त्वाची बाब

बहुतेक एअर फ्रायर सुमारे १४०० ते १५०० वॅटचे असतात. आपल्याकडील वीजपुरवठा २३० व्होल्टचा असल्याने १५०० वॅटचे उपकरण सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. खोलीतील साधा लहान सॉकेट सहा अँपिअरचा, म्हणजे १३८० वॅटपर्यंतचा असतो. म्हणून हे उपकरण १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच जोडावे. स्वस्त एक्स्टेंशन बोर्ड किंवा मोठ्या पिनेला लहान करणारा जोड वापरून ते चालविणे धोक्याचे आहे. तार आतून तापत राहते आणि आवरण वितळेपर्यंत ते लक्षात येत नाही.

मुनिरकासारख्या दाट वस्तीत या दक्षतेचे महत्त्व अधिक आहे. इमारती एकमेकींस चिकटून असतात, जिने अरुंद असतात आणि अनेक गल्ल्यांत मोठे वाहन शिरू शकत नाही. हिवाळ्यात पाणी तापविण्याचा रॉड किंवा हीटर आणि एअर फ्रायर एकाच वेळी चालवू नयेत. सॉकेट गरम लागत असल्यास, जळका वास आल्यास किंवा एमसीबी वारंवार पडत असल्यास उपकरण बंद करून वीजतंत्रीकडून तपासणी करून घ्यावी. मोठा सॉकेट नसल्यास तो बसविण्याची मागणी घरमालकाकडे करणे हा किरकोळ आग्रह मानू नये.

उपकरणाच्या मागून गरम हवा बाहेर पडते, त्यामुळे ते भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावे. गॅसच्या शेगडीवर अथवा पडद्याजवळ ठेवू नये. भाजण्याचा कागद रिकाम्या टोपलीत ठेवून उपकरण तापवू नये, कारण तो उडून तारेला लागल्यास पेट घेऊ शकतो. वापरानंतर टोपली गार झाल्यावर मऊ घासणीने धुवावी. साचलेले चीज व तेल पुढच्या वेळी धूर करते.

वीजखर्चाची भीती मात्र बाळगण्याचे कारण नाही. १५०० वॅटचे उपकरण आठ मिनिटे पूर्ण क्षमतेने चालल्यास ०.२ युनिट वीज लागते. घरमालकाच्या उपमीटरवर दर काहीसा अधिक असला, तरी एका वेळच्या पिझ्झासाठी होणारा वीजखर्च चीजच्या एका वडीच्या किमतीपेक्षा कमीच भरतो. बचत करावयाची असल्यास ती चीजमध्ये करावी. त्यात पैसे वाचतात आणि स्निग्धांशही कमी होतो.