मोठ्या डेटाबेसचं मेजर अपग्रेड आणि परतीची वाट

मोठ्या डेटाबेसच्या अपग्रेडचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर्व्हर किती वेळ बंद ठेवावा लागेल?" प्रश्न रास्तच आहे. पण आज आपण दुसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ देऊ. अपग्रेड फसलं, तर मागे कसं यायचं?

उदाहरण पोस्टग्रेसचं घेऊ. त्याची मेजर आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. १२ ची मुदत २०२४ मध्ये संपली, १३ ची २०२५ मध्ये. म्हणजे आज ना उद्या हे करावंच लागतं.

पूर्वीचा मार्ग डंप आणि रिस्टोअरचा. सगळ्या नोंदी बाहेर काढायच्या, नव्या सर्व्हरमध्ये भरायच्या, इंडेक्स पुन्हा बांधायचे. काही टेराबाइट डेटा असेल तर यात रात्र सरते, कधी दुसरा दिवसही. म्हणून पीजी-अपग्रेड हे साधन आलं. त्याची युक्ती अशी: नोंदी ज्या फाइलींत असतात त्यांचा साचा सहसा बदलत नाही, बदलतो तो कॅटलॉग. गोदामातला माल जागच्या जागी, खतावणी तेवढी नवी लिहायची! त्यात 'लिंक' पर्याय निवडला तर फाइलींची नक्कलसुद्धा होत नाही. त्याच फाइलीला जुन्या आणि नव्या सर्व्हरकडे दोन नावं मिळतात. काम काही मिनिटांत होतं.

आणि मेख इथेच आहे. नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की तो त्याच फाइलींत लिहू लागतो. मग जुना सर्व्हर सुरू करणं सुरक्षित राहत नाही. उरतो बॅकअप, आणि टेराबाइटचा बॅकअप उतरवायला किती तास लागतात हे आपण जाणताच. म्हणून आम्ही एक स्टँडबाय सर्व्हर बाजूला काढून ठेवतो: मुख्य सर्व्हर व्यवस्थित बंद करायचा, स्टँडबायपर्यंत शेवटची नोंद पोचली का ते बघायचं आणि त्याला हात लावायचा नाही. मात्र ही वाट लोकांना आत घेईपर्यंतच खुली. त्यानंतरच्या नव्या नोंदी त्या स्टँडबायवर नसतात.

तेव्हा दार उघडण्याआधी काय तपासायचं? एक म्हणजे स्टॅटिस्टिक्स. १८ च्या आधीच्या आवृत्तींवर जाताना ती सोबत येत नाहीत. अॅनालाइझ चालवलं नाही, तर काही सेकंदांची क्वेरी संपायचं नाव घेत नाही. आमच्या सरावात असंच झालं आणि अर्धा तास आम्ही दोष डिस्कला देत बसलो.

दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या जी-लिबसी या लायब्ररीला विचारतो. तिच्या २०१८ मधल्या २.२८ आवृत्तीत हा क्रम बदलला. डेबियन ९ वरून १० वर किंवा रेडहॅट ७ वरून ८ वर जाताना तो बदल अंगावर येतो. पीजी-अपग्रेड इंडेक्स जसाच्या तसा नेतो, म्हणजे रचना जुन्या क्रमाची आणि शोध नव्या क्रमाने. नाव टेबलात आहे, पण सापडत नाही! युनिक इंडेक्स असूनही तेच नाव दुसऱ्यांदा घुसू शकतं. एरर काहीच येत नाही. उपाय म्हणजे मजकुराच्या कॉलमांचे इंडेक्स पुन्हा बांधणे, आणि तो वेळ आधीच हिशेबात धरणे. आमचं मत विचाराल तर ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस एकाच रात्री बदलूच नका.

दार उघडल्यावरही मागे येता यावं असं वाटत असेल, तर लॉजिकल रेप्लिकेशन. नवा सर्व्हर शेजारी उभा करून त्यात बदल वाहू द्यायचे. इंडेक्स तिथे नव्यानेच बांधले जातात, त्यामुळे क्रमाची भानगड नाही. मग ठरलेल्या वेळी लोकांना तिकडे वळवायचं आणि त्याच क्षणापासून प्रवाह उलटा, नव्याकडून जुन्याकडे, सुरू करायचा. कष्ट बरेच आहेत. प्रत्येक टेबलाला प्रायमरी की असलेली बरी, आणि टेबलाच्या रचनेतले बदल दोन्हीकडे हाताने करावे लागतात. १८ पर्यंतच्या आवृत्तींत सिक्वेन्सचे आकडेही आपोआप जात नाहीत. ते पुढे सरकवायला विसरलात, तर पहिलीच नवी पावती जुन्या क्रमांकावर आपटते. परत येतानाही तेच, तिथेही सिक्वेन्स आधी सरकवायचे.