स्पष्टीकरण कशाचे, कोणाचे?

'स्पष्टीकरण' हा शब्द हल्ली कानावर पडला की आधी कोणाची तरी चूक डोळ्यांपुढे येते. मंत्री ते देतात, वादग्रस्त बोलून झाल्यावर. कर्मचाऱ्याकडून ते मागवतात, तो कामावर गैरहजर राहिल्यावर. शब्दाच्या घडणीत मात्र चुकीचा मागमूसही नाही.

'स्पष्ट' हे 'स्पश्' म्हणजे पाहणे या संस्कृत धातूचे रूप. जे दिसते ते स्पष्ट. हेराला 'स्पश' म्हणत, तेही याच धातूवरून. पुढची दीर्घ 'ई' हा पाणिनीच्या 'च्वि' प्रत्ययाचा परिणाम. आधी जे तसे नव्हते ते तसे करणे, असा त्याचा अर्थ. (ती ऱ्हस्व लिहिणाऱ्यांचे गुण मी कापतो, ते उगाच नव्हे.) तेव्हा स्पष्टीकरण म्हणजे न दिसणारे दिसते करणे. इथे कमी असतो तो उजेड. दोषी कोणी नसतो.

कायद्याच्या मराठी पाठांत हा अर्थ शाबूत आहे. कलमाखाली 'स्पष्टीकरण' असे छापून एखाद्या शब्दाची व्याप्ती सांगितलेली असते. तिथे कलम कोणाची माफी मागत नाही.

कचेरीत याचा जोडीदार 'खुलासा'. मुळात अरबी, तिकडे त्याचा अर्थ सार, अर्क. मराठीत तो 'उघड करून सांगणे' झाला, त्यात 'खुला' या शब्दाच्या शेजाराचा हात असावा असे मला वाटते. आमच्या मालवणीत तो 'खुलासो'. पण 'तीन दिवसांत खुलासा सादर करावा' असे पत्र आले की सार बाजूला राहते आणि माणूस पिंजऱ्यात उभा राहतो.

शिरोड्यात शिकवत असताना याचा परिणाम मी पाहिला. वडिलांबरोबर रापणीला गेल्यामुळे एका मुलाची शाळा बुडाली. लेखी स्पष्टीकरण आण म्हटल्यावर तो म्हणाला, "सर, माजी चूक नाय, मगे स्पष्टीकरण कित्याक?" हाच मुलगा परीक्षेत 'संदर्भासह स्पष्टीकरण' लिहिताना कवीची बाजू सावरत बसे. ओळीचा अर्थ राहायचा तसाच. शब्द बिघडला की वाचनही बिघडते, ते असे.

याच गावात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिक्षक होते. पुढे 'ययाति'ला (१९५९) त्यांनी 'पार्श्वभूमी' जोडली. महाभारतातल्या उपाख्यानापासून आपली कादंबरी का आणि कशी वेगळी झाली, हे ते तिथे सांगतात. काहींना ते आत्मसमर्थन वाटते. मला ते जुन्या, नेमक्या अर्थाने स्पष्टीकरण वाटते. ते वाचूनही कादंबरी न आवडण्याची मुभा वाचकाकडे उरते. समर्थन ती मुभा ठेवत नाही.