एका अहवालात अनेक एसक्यूएल विधाने

अहवाल तयार करणारी साधने साधारणपणे एका डेटासेटसाठी एकच निकाल गृहीत धरतात. तात्पुरते टेबल बनवणे, त्यात नोंदी भरणे आणि शेवटी ‘सिलेक्ट’ अशी विधाने एकत्र पाठवली, तर काय होईल हे डेटाबेसवर आणि जोडणीवर ठरते.

• एसक्यूएल सर्व्हर : अशी विधाने एकत्र स्वीकारतो. मात्र किती ओळींवर परिणाम झाला, हे सांगणारे मधले संदेश काही साधनांचा गोंधळ उडवतात. ते थांबवण्यासाठी सुरुवातीला ‘सेट नोकाउंट ऑन’ लिहितात.

• मायएसक्यूएल : जावाच्या अधिकृत जोडणीत अनेक विधाने एकत्र पाठवू देणारा ‘अलाउमल्टीक्वेरीज’ हा पर्याय मुळात बंद असतो. त्यामुळे एसक्यूएल इंजेक्शनचा धोका कमी होतो.

• ओरॅकल : जावातून सहसा एका वेळी एकच विधान चालते, अनेक असल्यास ती ‘बिगिन’ आणि ‘एंड’ यांच्यामध्ये बसवावी लागतात.

पुष्कळदा ‘विथ’ वापरून सगळे काम एकाच विधानात होते; मायएसक्यूएलमध्ये ही सोय २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून आहे. तेवढ्याने न भागल्यास सर्व विधाने स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये ठेवून अहवालातून फक्त ती प्रोसिजर चालवावी.