साद वीस डॉलरची, साद दीडशेची

एका पक्ष्याला फसवायला किती खर्च यावा? आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडण्याचे कारण नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार हा विषय बहुतेकांपुरता गोष्टीच्या पुस्तकांत जाऊन बसला. त्याआधीही आपल्या फासेपारध्याने तितराची साद घातली तर ती स्वतःच्या गळ्यातून, दुकानातून विकत आणून नव्हे. पण गेली बावीस वर्षे मी ज्या भागात राहतो त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात फेब्रुवारी उजाडला की हा प्रश्न गॅरेजमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर मोठ्या गांभीर्याने चर्चिला जातो. रानटर्कीला बोलावण्यासाठी वीस डॉलरचा कारखान्यातला 'कॉल' घ्यावा, की दीडशे डॉलरचा हाताने घडवलेला? दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचे बोट धरून.

आधी पक्ष्याविषयी थोडे. नोव्हेंबरात इथल्या ताटात दिसणारी पांढरी, गुबगुबीत टर्की ती ही नव्हे. रानटर्कीचा नर आठ-दहा किलोचा, तांबूस-काळसर झळाळीच्या पिसांचा, छातीवर केसांच्या झुपक्यासारखी 'दाढी' मिरवणारा. एवढे धूड रात्री झाडावर झोपते आणि वेळ आली तर उडतेही. नजर इतकी तीक्ष्ण की तुम्ही नाक खाजवलेत तर तो दिसेनासा होतो. या पक्ष्याशी आपला संबंध अगदीच नाही असे समजू नका. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी नवलाच्या वस्तू नेल्या, त्यात एक टर्की होती. तिच्या डोक्या-मानेचे रंग क्षणोक्षणी बदलतात याचे बादशहाला केवढे अप्रूप! त्याने ते आठवणींत लिहून ठेवले. उस्ताद मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. (पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात. गोव्याच्या बाजारात त्या काळी काय घोटाळे झाले असतील, कल्पनाच करावी.)

आपल्या जुन्या शिकारकथांत हाकारे असतात. ढोल-डबे बडवून जनावराला बंदुकीकडे पळवायचे. टर्कीची शिकार नेमकी उलट. इथे हाकलायचे नाही, बोलवायचे. वसंतात नर पहाटे झाडावरून गडगडाटी आवाज देतो आणि माद्या त्याच्याकडे जातात, हा निसर्गाचा रिवाज. शिकारी झाडाला पाठ टेकून मादीचा आवाज काढतो आणि नराने रिवाज मोडून आपल्याकडे चालत यावे अशी अपेक्षा धरतो. शहाणा नर सहसा मोडत नाही. म्हणून तर हा खेळ अवघड.

आवाज काढायची साधने तीन-चार प्रकारची. पहिली 'पाटी'. अक्षरशः पाटी! पेढ्याच्या डबीएवढ्या लाकडी वाटीत पाटीच्या दगडाची चकती बसवलेली असते आणि तिच्यावर लाकडी काडी टेकवून छोटी वर्तुळे काढायची. शाळेत पेन्सिल करकरली की अंगावर शहारा यायचा ना, त्याच जातीचा आवाज, पण माणसाळवलेला. दुसरे साधन तोंडात ठेवायचे. पातळ रबराचा पडदा टाळूला चिकटवून त्याखालून फुंकर सोडायची. किंमत सात-आठ डॉलर. पहिल्या दिवशी उमाळे येतात, आठवडाभरात आवाज येतो. आणि तिसरी, सगळ्यांची राणी, ती पेटी.

पेटी म्हणजे हातभर नाही, वीतभर लांबीचा अरुंद लाकडी डबा. एका टोकाला एकाच स्क्रूवर फिरणारे झाकण. झाकणाची आतली बाजू किंचित फुगीर. तिला खडू लावायचा आणि डब्याच्या कडेवरून झाकण हलकेच ओढायचे. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तसे लाकूड लाकडाला धरते-सोडते, धरते-सोडते. बाजूची पातळ फळी थरथरते आणि आतली पोकळी तो आवाज मोठा करते. मादीची हाक दोन सुरांची असते. आधी स्वच्छ, वरचा. मग तो मोडून खालचा, खरखरीत. तो सूर जिथे मोडतो तिथे पेटीची सगळी परीक्षा.

आणि इथेच कारखाना आणि कारागीर यांच्या वाटा फुटतात. यंत्र प्रत्येक फळी एकाच मापाची कापते. पण लाकूड प्रत्येक वेळी एक नसते. एका अक्रोडाच्या फळीचा दाणा घट्ट, तिच्या शेजारच्या फळीचा सैल. त्यामुळे कारखान्याच्या दहा पेट्यांत दोन मुक्या, सात कामापुरत्या आणि एखादी अशी निघते की ती कुणी घडवली असा प्रश्न पडावा. कारागीर मात्र फळी वाजवतो, ऐकतो, पॉलिश पेपरचे दोन हात फिरवतो, पुन्हा ऐकतो. सौ. मूळची सांगलीची, लहानपणी मिरजेला गाणे शिकायला जायची. तिला हे सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, "म्हणजे जवारीच काढतात की!" अगदी बरोबर. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत एका तारेसाठी अर्धा दिवस घालवणारा मिरजेचा कारागीर आणि हा पेनसिल्व्हेनियाचा सुतार, दोघांची जात एकच. काय घासायचे यापेक्षा कुठे थांबायचे, हेच त्यांचे ज्ञान.

या पेटीला इतिहासही आहे. आर्कान्सा राज्यातल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सनने १८९७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे अलाबामाच्या एम. एल. लिंच यांनी १९४० च्या सुमारास पेट्या बनवून विकायला सुरुवात केली आणि दक्षिणेतल्या रानोमाळ त्या पोचवल्या. साऊथ कॅरोलिनातल्या ग्रीनवुडचे नील कॉस्ट २००२ साली वारले. त्यांच्या पेट्या आज शिकारी नव्हे, संग्राहक हजारो डॉलर मोजून घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. मला स्वतःला हे पटत नाही. न वाजणारा तंबोरा भिंतीवर टांगण्यातलाच हा प्रकार. पण लाकडाचा लोभ समजू शकतो. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा लक्षात आलेल्या बुरशीने अमेरिकेची चेस्टनटची जंगले पुढच्या काही दशकांत पुसून टाकली. आता त्या लाकडाची पेटी करायची तर पडक्या कोठारांच्या तुळया शोधाव्या लागतात. मेलेल्या झाडाचा आवाज म्हटल्यावर माणूस खिसा सैल करतोच.

खुद्द पक्षीही असाच जायला निघाला होता. जंगलतोड आणि बाजारासाठीची बेसुमार शिकार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांतून रानटर्की नाहीशी झाली. पाळून वाढवलेले पक्षी सोडून पाहिले. ते रानात टिकेनात. मग १९५० च्या दशकात तोफेने उडवायच्या जाळ्यांत खरे रानपक्षी धरून दुसऱ्या रानांत नेऊन सोडण्याची युक्ती लागू पडली. १९७३ साली टर्कीसाठी राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तेव्हा देशात पंधरा लाखांच्या आतबाहेर पक्षी होते. या शतकाच्या सुरुवातीला ते साठ-सत्तर लाखांच्या घरात गेले. अलीकडे काही राज्यांत पुन्हा उतरण लागली आहे. या कामातला मोठा पैसा शिकाऱ्यांच्या परवान्यांतून आणि बंदुका-काडतुसांवरच्या करातून आला, ही गोष्ट मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हती आणि ती पचायलाही वेळ लागला.

तर आमची मुलगी. शेजारचे आजोबा निवृत्त सुतार, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या ओसरीवर बसून ती त्यांची जुनी पेटी वाजवायला शिकली आणि एक दिवस म्हणाली, "बाबा, मला जायचंय." इथे सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मुख्य मोसमाआधीचा एक शनिवार राखून ठेवलेला असतो, सोबत मोठे माणूस हवे, सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केलेला हवा. सौ.ने कपाळाला हात लावला. तिच्या माहेरी अंडेही वर्ज्य. "भुकेनं मारणारे वेगळे आणि हौसेनं मारणारे वेगळे," ती म्हणाली. मुलीने शांतपणे विचारले, "आई, बाबा आणि मी शनिवारी चिकन खातो, ते कोण मारतं?" त्या रात्री जेवताना कुणी फारसे बोलले नाही. हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही आणि मी तो मिटवायचा प्रयत्नही करत नाही.

हॅरिसबर्गला दर फेब्रुवारीत शिकार-मासेमारीचे भलेमोठे प्रदर्शन भरते. तिथे एका कारागिराच्या टेबलावर अक्रोडाची पेटी होती, दीडशे डॉलरची. मुलीने ती वाजवली आणि आजूबाजूची दोन माणसे वळून बघू लागली. मी मनातल्या मनात दीडशेला रुपयांनी गुणत होतो (बावीस वर्षांनंतरही ही खोड जात नाही). कारागिराने पेटी तिच्या हातातून हळूच काढून घेतली. तो म्हणाला, "आत्ता घेऊ नकोस. वीस डॉलरची घे, वर्षभर वाजव. तिच्यात काय खटकतं ते ऐकू आलं की ये." स्वतःचे गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पुण्याबाहेर प्रथमच पाहिला. पण पुण्यातल्यासारखा तो तिरसट नव्हता.

आम्ही वीस डॉलरची पेटी घेतली. मार्चभर घरात तिचा कलकलाट चालला. आणि गंमत अशी की पहिली दुरुस्ती केली ती सौ.ने. स्वयंपाकघरातून ओरडून: "सूर जाऊ दे, लय चुकतेय तिची!" आजोबांनी हे ऐकले तेव्हा ते खूष झाले. त्यांचे म्हणणे नेमके हेच. खऱ्या माद्यांतही बेसूर असतात, फाटक्या गळ्याच्या असतात; नर त्यांच्याकडेही जातो. पण लय बेतालपणे धावली की त्याला संशय येतो. म्हणजे नवशिक्याने दीडशे डॉलर मोजून विकत घ्यायचा तो सूर, आणि पक्षी ओळखतो ती लय. ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

लाकडी पेटीचे नखरेही पुष्कळ. खडू बिनतेलाचा हवा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, कातडीचे तेल लागते. पाऊस आला की दीडशेची पेटी वीसच्या पेटीइतकीच मुकी. आजोबा आपली पेटी पावाच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून नेतात. शिवाय नर चाळीस पावलांवर आला की हात हलवायची सोय नाही. तेव्हा महागडी पेटी मांडीवर पडून राहते आणि शेवटचा शब्द तोंडातल्या सात डॉलरच्या रबरी पडद्याचा असतो. आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमात बजावून सांगतात. रानात मादीचा आवाज ऐकू आला तर त्या दिशेने लपतछपत जायचे नाही, तो दुसरा शिकारी असू शकतो. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर घालायचा नाही, ते नराच्या डोक्याचे रंग आहेत. कॉल फार हुबेहूब असेल तर त्याला फसणारा पहिला प्राणी माणूसच.

त्या शनिवारी पहाटे आम्ही तिघे ओकच्या झाडांखाली बसलो. मी नुसताच प्रेक्षक. उजाडता उजाडता डोंगराच्या सोंडेवरून गडगडाट आला आणि माझ्या बरगड्या थरथरल्या. मुलीने तीन हाका दिल्या आणि थांबली. हे थांबणे तिला कुणी शिकवले, आजोबांनी की आईने, मला सांगता येणार नाही. तो आला. पिसारा फुलवून, डोके निळे-पांढरे, साठ पावलांवरच्या पडक्या दगडी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. पुढे येईना. वीस मिनिटे तो तिथे आणि आम्ही इथे. मग उजवीकडून एक खरी मादी चालत आली, एकदाच काहीतरी पुटपुटली, आणि तो तिच्या मागोमाग निघून गेला. मुलीने बंदूक उचललीच नव्हती. परतताना ती म्हणाली, "तिचा आवाज माझ्या पेटीपेक्षा वाईट होता." आजोबा इतके हसले की त्यांना झाडाचा आधार घ्यावा लागला.

पुढच्या हिवाळ्यात ती एक दिवस आपली पेटी घेऊन माझ्यापुढे बसली. "बाबा, ऐका. उजव्या बाजूला सूर मोडतो तिथे मध्ये एक भोक आहे." मला काही ऐकू आले नाही. सौ.ने मान डोलावली. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा हॅरिसबर्गला गेलो. कारागिराने तिला ओळखले की नाही कोण जाणे, पण तीन पेट्या तिच्यापुढे ठेवल्या आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तिने सगळ्यात देखणी पेटी दोन हाकांत बाजूला केली आणि साधी, एका कोपऱ्यात गाठ असलेली चेरीची निवडली. अर्धे पैसे तिचे, शेजाऱ्यांचे बर्फ उपसून मिळवलेले. कारागिराने झाकण उचलून आत पेन्सिलीने क्रमांक आणि तारीख लिहिली.

घरी आल्यावर सौ.ने ती पेटी मागून घेतली. दोनदा झाकण ओढले, कान जवळ नेऊन पुन्हा एकदा ओढले. "डाव्या बाजूचा खर्ज छान लागलाय," ती म्हणाली. मग पेटी मुलीच्या हातात परत देत म्हणाली, "पण ती शिजवायची असेल तर बाहेर अंगणात. माझ्या स्वयंपाकघरात नाही."